रेघ मारलेल्या गोळ्या

"हॅलो? … हॅलो, विमा दवाखाना, जळगाव… हो, बोला… कुठून? … रावेरहून ट्रंक? … जोडा ताई, जोडा… हॅलो! … कोण? … जरा मोठ्यानं बोला… अगं, नंदा! तू?"

शालिग्रामने आधी दाराकडे पाहिलं आणि मग खुर्चीच्या कडेवर टेकला. फोन डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर होता, आणि या फोनवर कर्मचाऱ्यांनी घरगुती बोलणं करू नये अशी जी चिठ्ठी भिंतीवर डकवली होती, ती खुद्द शालिग्रामनेच टाइप केलेली. माणूसच तसा. नियम म्हटला की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. सत्त्याऐंशी सालची ही गोष्ट. कामगार विम्याच्या त्या दवाखान्यात तो बारा वर्षं औषधांच्या यादीच्या टेबलाशी बसत होता, आणि बारा वर्षांत एक गोळी इकडची तिकडे झाली नव्हती.

"हो, हो, ऐकू येतंय… केळी सोसायटीतून बोलतेस? … सोसायटीचे हिलाल नाना शेजारीच बसलेत? नमस्कार सांग त्यांना… सगळं ठीक आहे ना घरी? … मग ट्रंककॉल कशाला केलास गं, पोस्टकार्ड टाकायचं… नाही, नाही, रागावत नाही. ऑफिसचा फोन आहे ना, म्हणून… बरं, बोल, बोल."

नंदा त्याची पाठची बहीण. माहेर अमळनेरकडचं, दिली रावेरच्या बाजूला, पार सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथं घराआड एका बाईचा गळा सुजलेला. नंदाच्या गळ्यालाही लिंबाएवढी गाठ आली, लिंबाचा पेरू झाला, आणि शेवटी तीन आठवड्यांपूर्वी मुंबईला विम्याच्या मोठ्या इस्पितळात तिचं गलगंडाचं ऑपरेशन झालं. नवरा रतिलाल जळगावात तेलगिरणीत कामाला. शनिवारी संध्याकाळी गावी जायचा, सोमवारी पहाटे परत. त्याच्या पगारातून विम्याची वर्गणी जायची, म्हणून ऑपरेशन फुकट झालं. पुढची औषधं मात्र जळगावच्या खिडकीवरून, म्हणजे शालिग्रामच्या हातून जायची होती.

"गळ्याचं कसं आहे? … टाके सुकले? … छान, छान… आवाज तर अगदी पहिल्यासारखा येतोय… व्रण दिसतो तर दिसू दे की, पदर काय गुंडाळून घेतेस… हो, भाऊबीजेला येतो… येतो म्हणजे येतो, सुट्टी टाकलीये… काय पाठवतेस? … नाना उद्या केळीच्या ट्रकबरोबर जळगावला येणार आहेत, त्यांच्या हाती? … बाटली? कसली, लोणच्याची? … नाही? … बरं, असू दे, पाठव. इथं आल्यावर बघतो… अगं हो, त्यांच्याकडून हातात घेतो, कुणाला दाखवत नाही… पण एवढं लपवाछपवीचं काय आहे त्यात? … बरं बाई, बरं. नाही विचारत."

तो हसला. नंदा लहानपणापासून अशीच. स्वतःच्या वाटणीचा गूळ-शेंगदाणा अर्धा राखायची आणि गुपचूप भाऊच्या दप्तरात टाकायची. बाटलीत तूप असेल असं त्याला वाटलं आणि त्यानं विषय सोडून दिला.

"अजून काय? … मुंग्या? … कुठं, ओठाला? … बोटांना पण? … अगं, अशक्तपणा आहे तो. गळा कापून गाठ काढली, साधं आहे का… दूध पीत जा. केळी खा. केळीच्या गावात राहतेस आणि… हसू नको, खरं सांगतोय… काय? … भाकरी थापताना? … बोटं एकमेकांना चिकटतात? … म्हणजे कशी? … चिमटीत मीठ धरल्यासारखी? … आपोआप? … आणि मग सुटतात कशी? … सासूबाई ओढून सोडवतात? … एकेक बोट? … नंदा, हे कधीपासून चाललंय?"

आता तो हसत नव्हता. डॉक्टर नव्हता तो, पण बारा वर्षं औषधांच्या नावांत घालवलेला माणूस. अशक्तपणानं हात कापतो, चक्कर येते, पण बोटं अशी आपोआप मिटत नाहीत, एवढं त्याला कळत होतं.

"पाच दिवस? … आणि दाखवलं कुणाला? … सासूबाई काय म्हणतात? वात? … बरं, ते राहू दे. गोळ्या घेतेस ना वेळेवर? … ती बारीक पांढरी, सकाळी उपाशीपोटी… हं, शाबास… आणि मोठ्या? … मोठ्या गं, चावून खायच्या, दिवसातून चार वेळा… हो, त्याच. मुंबईच्या डॉक्टरांनी बाटली भरून दिल्या होत्या त्या… बंद केल्या? … कधी? … नऊ दिवस? … अगं पण कुणी सांगितलं बंद करायला? … कुणी?"

तिनं सांगितलं. शालिग्रामला ते नीट ऐकू आलं होतं, तरी त्यानं पुन्हा विचारलं.

"मी? … मी केव्हा सांगितलं तुला? … मी तर तुला भेटलोच नाही… चिठ्ठीवर? … कसली रेघ? … लाल…"

त्याचा हात खिशातल्या लाल पेन्सिलीवर गेला.

त्या रेघेचं असं होतं. मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी खिडकीवर आली की शालिग्राम निळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्याची यादी उघडायचा. यादीत असलेल्या औषधापुढे निळ्या पेन्सिलीची खूण, म्हणजे ते शेजारच्या खिडकीवर फुकट मिळणार. यादीत नसलेल्या औषधावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ, म्हणजे सरकार ते देणार नाही, समोरच्या दुकानातून विकत घ्या. यादीच्या शेवटच्या पानावर ठळक छापलेलं होतं, की जीवनसत्त्वं, कॅल्शियम, टॉनिक आणि ताकदीची औषधं अमान्य. रांगेतल्या कामगारांना हे इतकं पाठ झालेलं की कुणी विचारायचं नाही आणि शालिग्राम सांगायचाही नाही. लाल रेघ दिसली की माणूस दोन शिव्या हासडून रस्ता ओलांडायचा.

पण हे झालं खिडकीवरचं. गावात लाल रेघेचा अर्थ एकच. रेशनकार्डावर मेलेल्या माणसाच्या नावावर मारतात ती. रेघ मारली की ते बंद.

"नंदा, ऐक. ऐक माझं… अगं, ती रेघ म्हणजे औषध बंद असं नाही… सरकार फुकट देत नाही, एवढंच… विकत घ्यायचं, पण घ्यायचं! … रतिलाल काही बोलला नाही? … हो, बाटली घरात भरलेली होती म्हणून त्याला वाटलं असेल, संपली की बघू… कागद ठेवला आणि पहाटेच्या गाडीनं गेला… या शनिवारी जादा पाळी, म्हणून आलाच नाही… बरं, पण तू विचारायचं नाहीस का गं? … काय? … भाऊच्या हातची रेघ, त्यात काय विचारायचं? … अगं…"

चौथीपर्यंत तिची पाटी त्यानंच तपासली होती. चुकलेल्या शब्दावर तो रेघ मारायचा आणि ती तो शब्द पुसून टाकायची, का म्हणून कधी विचारायची नाही. वीस वर्षांनी कागदावर तीच रेघ दिसली, आणि तिनं तेच केलं.

"थांब. फोन ठेवू नको… हॅलो, ताई, तीन मिनिटं झाली का? … वाढवा, अजून वाढवा… हो, दवाखान्याचा कॉल आहे, अर्जंट… नंदा, आहेस ना? धरून ठेव. मी कागद काढतो… नाही गं, काही नाही, कागद बघतो नुसता… तू बोलत राहा. काहीही बोल. केळीचा भाव सांग… हं… हं… ऐकतोय…"

फोनची वायर ताणून त्यानं मागच्या कपाटाचं दार उघडलं. नऊ दिवसांपूर्वीचा गठ्ठा वरच होता. चिठ्ठीची दवाखान्याची प्रत निघाली, आणि तिच्यावरची रेघ पाहून त्याला स्वतःचीच लाज वाटली. एक नव्हे, दोन रेघा होत्या. त्या दिवशी गिरणीची पाळी सुटलेली, खिडकीवर झुंबड, आणि समोर उभा मेहुणा. मागचे दहा जण बघताहेत, कुणी म्हणायला नको की साहेब घरच्यांना सांभाळून घेतो, म्हणून त्यानं रतिलालकडे मान वर करून पाहिलंही नव्हतं. दाबून दोनदा रेघ ओढली आणि कागद सरकवला.

आणि कागदाच्या अगदी तळाशी मुंबईच्या डॉक्टरांनी तिरक्या इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या होत्या. या गोळ्या कोणत्याही कारणाने बंद करू नयेत. हातापायांना पेटके आल्यास तातडीने शिरेतून कॅल्शियम द्यावे. जीवाला धोका आहे. शालिग्राम बी.ए. झालेला होता. तिन्ही ओळी त्याला पहिल्या वाचनात समजल्या. नऊ दिवसांपूर्वीही समजल्या असत्या. पण तिथं कुठल्या औषधाचं नाव नव्हतं, आणि तो फक्त नावं वाचायचा.

तो दाराकडे वळून ओरडला.

"बन्सीलाल! … अहो बन्सीलाल, बाईंना बोलवा! … मलमपट्टी राहू द्या म्हणावं, आधी इकडे या… पळा हो!… नंदा, तू घाबरू नको. तुला नाही ओरडलो, शिपायाला ओरडलो… हो, बाईंना बोलावलंय. सहज. विचारून घेतो एकदा… पायाला पण? … आत्ता? … उभी आहेस का तू? बस आधी, खाली बस."

डॉक्टरीणबाई ओल्या हातांनीच आल्या. शालिग्रामने रिसीव्हर छातीशी धरला आणि कागद त्यांच्यापुढे केला.

"बाई, माझी बहीण आहे फोनवर… हो, सख्खी… गलगंडाचं ऑपरेशन, तीन आठवडे झाले… नऊ दिवस कॅल्शियम बंद आहे… यादीत नाही म्हणून… नाही, तिची चूक नाही. रेघ मी मारली… बोटं मिटतात, ओठांना मुंग्या, आता पाय पण म्हणते…"

बाई त्याच्यावर आजवर कधी ओरडल्या नव्हत्या. आताही ओरडल्या नाहीत. चष्मा काढला आणि भराभर सांगू लागल्या, आणि त्यांचा तो दबका आवाज ऐकून तो जास्तच घाबरला. गळ्यातल्या गाठीला चिकटून मसुरीच्या दाण्याएवढ्या ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. गाठ काढताना कधी कधी त्यांनाही इजा होते. मग त्यांचं काम गोळ्यांनी करायचं. ही ताकदीची गोळी नव्हे, हिच्यावर जीव टिकून असतो. आधी हात आखडतात, मग पाय. आणि घशाला पेटका बसला तर श्वासच अडतो.

"नंदा! … नंदा, आता नीट ऐक. रावेरला जायचं, सरकारी दवाखान्यात, आत्ताच्या आत्ता… नाही! सासूबाईंना विचारायला घरी जायचं नाही! … उद्या नाही गं, आज! या क्षणाला! … आणि बाई म्हणतात त्या गोळ्या चार, लगेच चावून खायच्या… हो, त्याच मोठ्या… गावात औषधाचं दुकान आहे? … नाही… मग रावेरला पोचेपर्यंत… काय? … आहेत? … कुठं आहेत? … बाटलीत? … कुठल्या बाटलीत?"

आणि त्याला एकदम उमगलं.

"ती? … नानांच्या हाती मला पाठवतेस ती? … अगं, औषधाची बाटली परत पाठवतेस तू मला? … कशाला गं, कशाला? … माझी नोकरी? … कसली चौकशी? … राखीला? मी सांगितलं होतं?"

सांगितलं होतं खरं. राखी पौर्णिमेला नंदाच्या ओसरीवर, पोटभर जेवून, तक्क्याला टेकून. दुसऱ्या गावच्या दवाखान्यातल्या एका कारकुनानं साडूला यादीबाहेरच्या टॉनिकच्या चार बाटल्या दिल्या, चौकशी लागली, आणि बिचारा सहा महिने घरी बसला. हे सगळं तिखटमीठ लावून सांगून झाल्यावर शालिग्राम वर छाती फुगवून म्हणाला होता, की आपण तर सख्ख्या बहिणीलाही यादीबाहेरची गोळी देणार नाही. सगळे हसले. नंदा हसली नाही, तिनं ते मनात ठेवलं. रेघ मारलेलं औषध आपल्या घरात सापडलं तर भाऊवर बालंट येईल, म्हणून तिनं ती बाटली चिंधीत बांधून ज्वारीच्या कोठीत लपवली होती. ओठ बधिर होत होते, बोटं मिटत होती, आणि औषध घरातच दाण्यांखाली पडून होतं.

"अगं वेडे… अगं, काय केलंस हे… माझ्या नोकरीला काही होत नाही! मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेली बाटली ती, तिचा माझ्या यादीशी काय संबंध? … हो, हो… ऐक ना… आता कुठाय ती? … पिशवीत? … काढ. बाहेर काढ… फोन खांद्याशी धर आणि चिंधी सोड… सुटली? … आता झाकण फिरव… काय व्हयनं? … बोटं? … उघडत नाहीत? … घाबरू नको व माय, मी शे ना… दातानं नको, नानांना दे बाटली… नानांना हाक मार… नंदा? … नंदा, बोल!"

ऑफिसात बारा वर्षं शुद्ध बोलणारा माणूस, पण भीतीनं त्याचं सगळं शुद्ध बोलणं उतरवून टाकलं.

खाडकन काहीतरी आपटलं. रिसीव्हर पडला होता तिच्या हातून. तो तिकडे वायरीला लोंबकळत कशाला तरी ठकठक आदळत होता, आणि त्या ठकठकीमागून शालिग्रामला वजनकाट्यावरच्या माणसांचा गलका ऐकू येत होता. त्यात नंदाचा आवाज नव्हता.

"हॅलो! … हॅलो! … अरे, कुणीतरी उचला तो फोन! … हॅलो! … उचला रे!"

खिडकीवरची माणसं आता आत डोकावून बघू लागली होती. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात झटकून तो ओरडतच राहिला.

"हॅलो! … कोण? … नाना! हिलाल नाना, मी शालिग्राम, नंदाचा भाऊ… काय झालं तिला? … दोन्ही हात? … मनगटातून वाकडे? … पाय पण ताठ? … शुद्धीत आहे का? नाना, आधी ते सांगा… डोळे उघडे आहेत? बघते? … बघते… धनुर्वात नाही नाना, धनुर्वात नाही! … कांदा नको! … चप्पल पण नको! फिट नाही ती! … तिला बसवा, भिंतीला पाठ टेकवून… गर्दी हटवा, वारा येऊ द्या… श्वास कसा चाललाय? … जोरजोरात? … आवाज येतो का घशातून? … नाही ना? नक्की नाही ना? … बाई, आवाज येत नाही म्हणतात… नाना, बाई विचारतात, पाणी गिळता येतंय का बघा. एक घोट, जास्त नको… गेलं? … खाली गेलं? … ठसका नाही लागला? … बरं… बरं…"

त्याच्या कपाळावरचा घाम चिठ्ठीवर पडला, आणि लाल पेन्सिलीचा रंग तिथं पसरला.

"आता नाना, ती बाटली… खाली पडली असेल बघा, चिंधी असेल… सापडली? … उघडा… हो, मोठ्या पांढऱ्या, त्याच. चार काढा. चावायला द्यायच्या तिला… आणि दारात ट्रक आहे ना तुमचा? … केळी भरताहेत? … भरणं थांबवा! अर्धा भरला असेल तर अर्धा जाऊ द्या… नाना, घड उद्या जातील, माणूस आज जाईल हो! … हं… हं… तिला पुढं ड्रायव्हरजवळ बसवा, तुम्ही बरोबर जा. दवाखान्यात एवढंच सांगायचं, गलगंडाचं ऑपरेशन झालंय, कॅल्शियम कमी पडलंय, शिरेतून इंजेक्शन द्या… म्हणा बघू एकदा… कॅल्शियम… हो, कॅल… काय? … गायीला? … तुमची जरशी व्याल्यावर आडवी पडली होती… आणि शिरेतून बाटली लावली तशी उठून उभी राहिली? … हो! हो नाना, तेच! अगदी तेच झालंय हिला! … नाही! नाही नाही नाही! गायीची उरलेली बाटली हिला लावायची नाही! … गुरांचा डॉक्टर जवळ राहतो म्हणून काय झालं? … पाया पडतो तुमच्या नाना, माणसांच्या डॉक्टरकडे न्या!"

एरवी या गोष्टीवर शालिग्राम आठवडाभर हसला असता. आता त्याला एवढंच दिसत होतं, की नानांना रोग बरोबर कळला आहे. बारा वर्षं यादी तपासून जे त्याला कळलं नव्हतं, ते नानांना एका गायीनं शिकवलं होतं.

"हो, इथून बाई रावेरला फोन लावतात, इंजेक्शन तयार ठेवायला सांगतात… हो, हा ठेवला की लगेच… गोळ्या दिल्या का? … काय? … घेत नाही? … का? … दात बसलेत का तिचे? … नाही? … मग? … तोंड फिरवते? … अहो, काहीतरी म्हणत असेल, कान लावा तिच्या तोंडाशी… काय म्हणते? … लोक बघताहेत? … एवढ्या जणांसमोर नको? … भाऊवर येईल?"

शालिग्रामच्या डोळ्यांना धार लागली. सोसायटीत वजनकाट्यावरचे पाच-सहा जण भोवती उभे असतील, उद्या तेच साक्ष देतील की भटजीसारखा नियम सांगणाऱ्या शालिग्रामची बहीण रेघ मारलेलं औषध खात होती. हातपाय आखडलेले, ओठ हलेनात, आणि तिला काळजी पडली होती ती याची. इथंही खिडकीवर लोक होतेच. बारा वर्षं तो यांनाच तर भीत आला होता.

"ताई, सहा मिनिटं झाली ते कळलं, वाढवा! तोडू नका, माझी बहीण आहे ती, तिचा जीव… हो… नाना, फोन तिच्या कानाला लावा. लावला? … नंदा. मी शे, भाऊ… बोलू नको, ऐक फक्त. ती रेघ चुकली, नंदा. मी चुकलो. पाटीवरचं पुसायचीस ना, तशी ती रेघ पुसून टाक… इथं बाई उभ्या आहेत. बन्सीलाल उभा आहे. खिडकीवर वीस माणसं आहेत, त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगतो, माझ्या बहिणीनं ती गोळी खायची! … भाऊला काही होत नाही. तुला काही झालं तर भाऊला होईल, कळतंय का? … तोंड उघड. नाना देतात ती घे… चाव, मनी माय, माझी माय. चाव व."

शालिग्रामने दुसऱ्या कानात बोट घातलं आणि डोळे मिटले. आधी नुसता तिचा श्वास आला, धापा टाकल्यासारखा. मग, शंभर मैलांवर असावा इतका बारीक, कुडुम असा आवाज आला.

"हं… ऐकू आलं मला… चाव, अजून चाव… कुडुम कुडुम ऐकू येतंय… गिळ आता… पाण्याचा घोट… नाना, घोट द्या… गेली? … शाबास! … बाई, एक गेली… आता दुसरी घे. सावकाश, घाई नाही… हं… हं… गेली? … दोन झाल्या नंदा, दोनच राहिल्या… ट्रक सुरू केला का नाना? इंजिनचा आवाज येतोय… हो, हो, मग उचला तिला… नाही, आधी तिसरी द्या… ताई, कळलं, नऊ मिनिटं झाली, अहो, थोडंच राहिलंय… नंदा, तिसरी घेतलीस? … चावतेस ना? … मला ऐकू आलं नाही… नंदा? … नाना, तिसरी? … हॅलो? … हॅलो?"

लाइन तुटली होती. रिसीव्हरमधून नुसती घूं घूं येत होती. डॉक्टरीणबाईंनी रावेरला फोन लावायला म्हणून हात पुढं केला. शालिग्रामला तो हात दिसत होता, द्यायला हवं हेही कळत होतं, पण हात ऐकेना.

"तिसरी चाव, नंदा… मी ऐकतोय… अजून एक राहील मग… ती पण चाव… मी ऐकतोय…"

बाईंनी त्याची बोटं एकेक करून सोडवली, तेव्हा कुठं रिसीव्हर सुटला.